खरवडलेला तिसरा कंगोरा

मित्रांनो, मी एक दाढ आहे. खूप जुनी आहे आणि तितकीच रागावलेली आहे.

ज्या जनावराच्या तोंडात मी उगवले, त्याचे माझ्याशिवाय काहीच उरलेले नाही. माझ्यावर तीन कंगोरे होते. माझ्या जनावराने आयुष्यभर पाला खाल्ला की गवत, हे तिसऱ्या कंगोऱ्यावरच्या बारीक ओरखड्यांवरून कळले असते.

मला जमिनीतून काढणाऱ्याने हळूच फुंकर मारून माती उडवली. तेवढेच माझे लाड झाले. मग मी संग्रहालयात आले आणि एका सासरे-जावयाच्या तावडीत सापडले. दोघेही प्राण्यांच्या दातांचे अभ्यासक, एकाच टेबलावर बसणारे. दाढेवरच्या आडव्या उंचवट्याला ते कंगोरा म्हणत आणि बुडाशी कडेने फिरणाऱ्याला पट्टी. माझा तिसरा उंचवटा आडवा निघून कडेला वळत होता. मग काय, ठिणगी पडली.

सासऱ्यांनी शाईने थेट त्या उंचवट्यावरच लिहिले, 'कंगोरा'. जावयाने ते ब्लेडने खरवडून 'पट्टी' लिहिले.

"मामा, ही पट्टी आहे. नीट बघा तरी."

"जावईबापू, तुमच्या जन्माआधीपासून मी दाढा बघतोय."

पुन्हा ब्लेड, पुन्हा शाई. जमिनीत राहून मी ठिसूळ झाले होते. दर वेळी माझा थोडा भुगा टेबलावर पडे आणि ही शहाणी माणसे तो फुंकून टाकत.

जेवायला बोलवायला आलेली लेक एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, आणि अहो तुम्हीसुद्धा, कागदावर भांडा ना. त्या दाढेनं तुमचं काय घोडं मारलंय?"

ऐकतो कोण? वर्षानुवर्षे हेच चालले.

परवा एक संशोधक बाई लांबून आल्या. हे जनावर काय खात होते, एवढेच त्यांना हवे होते. भिंगाखाली मला उलटसुलट करून त्यांनी विचारले, "तिसरा कंगोरा कुठंय?"

"पट्टी," जावई म्हणाला.

"कंगोराच," सासरे म्हणाले.

बाईंनी मला त्यांच्यापुढे धरले. "बोट फिरवून बघा."

दोघांनी बोट फिरवले. तिथे सगळे गुळगुळीत होते, शाईचा डाग तेवढा उरला होता. बाईंनी मला डबीत ठेवले आणि त्या परत गेल्या.

मित्रांनो, नावांवरून खुशाल भांडा, पण ब्लेड दूर ठेवून. मी काय खात होते ते मला आठवते, पण माझ्या आठवणीला पुरावा कोण म्हणणार? पुरावा कधीच केरात गेला. आणि ते दोघे अजून त्याच टेबलावर बसून भांडत आहेत, शेवटचे ब्लेड कोणी चालवले म्हणून.