माळेचं पथ्य

“आजपासून माधवनगरातून काविळीची माळ हद्दपार!”

नव्या दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून डॉक्टर धरणेंद्रांनी घोषणा केली. डोक्यावरच्या भल्या मोठ्या पाटीवरही तेच रंगवलं होतं. श्रोत्यांत कंपाउंडर केरबा होता, सुट्टीवर आलेला एक फौजी होता आणि दोन शेळ्या होत्या. शिवाय पाटीच्याच सावलीत काविळीच्या माळांची टोपली घेऊन बसलेली राहीबाई. तिला वाचता येत नव्हतं, पण भाषण आवडलं.

“ब्येस झालं,” ती म्हणाली. “मग डाक्टर, उद्यापास्नं मी कुठं बसू?”

जवळपास दुसरी सावली नव्हती, म्हणून ती तिथंच बसली. डॉक्टरांनी रोज ‘ऊठ’ म्हणायचं, तिनं रोज ‘व्हय’ म्हणायचं, असा दोघांचा शेजारधर्म सुरू झाला.

माळ घेटुळी नावाच्या रानरोपट्याच्या काड्यांची. बांधताना टाळूवर जेमतेम बसायची. काड्या सुकल्या की दोऱ्याचे फास सैल होत आणि माळ लांबत लांबत गळ्यात, छातीवर, पोटावर येई. पोटावर आली म्हणजे कावीळ उतरली. डॉक्टर म्हणत, ही नुसती वाळल्या काड्यांची करामत. राहीबाई म्हणे, असंल. तिची लेक धोंडू माळ घालूनच ऊसतोडीला गेली होती. माळ पोटापर्यंत उतरली होती. लेक बांधावरून उठली नाही. हे ती कुणाला सांगत नसे.

श्रावण सरता सरता आक्काताई आपल्या सुनेला, गुणमालेला, दवाखान्यात घेऊन आली. पोर पोटुशी, आणि डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, बरगडीखाली चाचपलं.

“यकृताला सूज आहे, आक्काताई. बाटलीतलं औषध याला नाही. हिला पडून राहू दे. पाणी उकळून द्या, पेज द्या, तेलकट नको. दोन जिवांचा प्रश्न आहे.”

“पाणी उकळाय सरपण कोण देतंय, इंग्रज?” आक्काताई म्हणाली. “आन् पडून ऱ्हायला हिचा काय पाय मोडलाय? हिंडती-फिरती हाय की!”

दोन-चार दिवसांनी डॉक्टरांनी पाहिलं, तर गुणमाला वैरणीचा भारा घेऊन चाललेली. दवाखान्यासमोर तिला भोवळ आली, ती मटकन खाली बसली. जरा वेळानं उठली, भारा परत डोक्यावर घेतला आणि गेली. डॉक्टरांनी हाका मारल्या. ती नुसती हसली.

डॉक्टर पायरीवरून उतरले आणि राहीबाईशेजारी उकिडवे बसले.

“तुझ्या माळेला पथ्य असतं का गं?”

“असतंय की. वांगं खायाचं न्हाई.”

“आणखी थोडं वाढव. माळ असेपर्यंत ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही. पाणी उकळलेलं.”

“म्हंजी मी खोटं बोलू?”

“पथ्य खरं आहे, राहीबाई. माळेचं तुझं तू बघ.”

राहीबाई टोपलीतल्या काड्या उगाच खालीवर करत राहिली. धोंडूला असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते तिनंच.

“एवढ्यानं भागायचं न्हाई,” अखेर ती म्हणाली. “तुमास्नी कावीळ ठावं हाय, डाक्टर. सासवा ठावं न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी तिनं गुणमालेला माळ घातली, पथ्य ऐकवलं आणि शेवटी आपल्या पदरचं एक जोडलं: “आन् आक्काताई, जी हिला कामाला लावंल, तिच्या डोळ्यांत ही हळद उतरंल.”

खिडकीत डॉक्टरांना जोराचा खोकला आला. आक्काताईनं सुनेच्या काखेतली कळशी काढून आपल्या काखेत घेतली.

दसऱ्याच्या आत माळ पोटावर आली. गुणमालेचे डोळे निवळले, पोटातलं लाथा मारू लागलं. पाटीवर आता फक्त ‘दवाखाना’ एवढंच उरलं होतं. बाकीचं पावसानं धुतलं, असं डॉक्टर सांगत. त्यांच्या हातातला ब्रश केरबानं पाहिला होता.

एका दुपारी आक्काताई एकटीच आली. गाल बसलेले, हाताला वैरणीचे ओरखडे. डॉक्टरांनी काळजीनं पापणी ओढली.

“डोळे दुधासारखे आहेत, आक्काताई. तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

आक्काताईचं तोंड उतरलं. बाहेर येऊन तिनं रस्त्यावर कुणी नाही ना, ते बघितलं आणि पदर सावरत राहीबाईशेजारी बसली.

“राहीबाई, मला बी एक घाल की. ल्हानशीच. चार दिसांत उतरली तरी चालंल.”