मराठीत सांग

रघुरामने खुर्ची पुढे ओढली आणि बसायच्या आधीच तमिळमध्ये सांगून टाकलं, "आमच्या घरी तिला काही कमी नाही हो."

शिवकामी शाळेची समुपदेशक. काल परीक्षेला न जाता दिव्यश्री दोन तास जिन्यात बसून राहिली होती, म्हणून तिने वडिलांना बोलावलं होतं.

"तुमच्याशी बोलते का ती?"

"बोलते की! तीन महिन्यांत घरात एक तमिळ शब्द तोंडून नाही. आमचं घर तंजावरच्या मराठ्यांचं, भाषा सांभाळायला नको?" तिरुनागेश्वरमच्या भावालाही त्याने हे फोन करून सांगितलं होतं. लेकीवर भलताच खूश होता रघुराम.

शिवकामीने समोरची वही उघडली. "तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला एकदा सांगितलं होतं, असं म्हणते."

"काय सांगितलं?"

"मनसु सरियिल्लै."

रघुरामला ती संध्याकाळ लख्ख आठवली. तो फिल्टरमध्ये कॉफी भरत होता. शिकवणीहून आलेली पोर दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, मन ठीक नाही. पण म्हणाली होती तमिळमध्ये. आणि त्याने मागे वळूनही न बघता, हसत, घरचा नियम सांगितला होता, "मराठीत सांग, मग ऐकतो."

तिची मराठी जेवणाची, आंघोळीची, देवपूजेची. असलं काही सांगायला त्यात शब्द कुठून यायचे? ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "काही नाही, अप्पा."

"शाबास! एकही चूक नाही," असं म्हणाला होता तो. देवा, शाबास म्हणाला होता!

दिव्यश्रीला घेऊन शाळेतून निघाल्यावर महामहम तळ्यापाशी त्याने स्कूटर थांबवली. दोघं पायरीवर बसली. पोर किती वाळली होती, आणि त्याला ते आज दिसत होतं. लेकीशी तो जन्मात तमिळ बोलला नव्हता. जीभ अडखळली, तरी तो म्हणालाच.

"सोल्लु, कण्णु. केक्करेन." सांग बाळा, ऐकतो.

दिव्यश्री दचकली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, परीक्षा घेतोय की काय, अशा नजरेने. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, एकेक शब्द जपून, ती मराठीत म्हणाली,

"काही नाही, अप्पा."

एकही चूक नव्हती.