बाकाची मजुरी

कपाला कान लावणं हे दिसायला पोरखेळ आहे. साच्यातून निघालेला कप अर्धवट ओला असतो, कानही ओला असतो. कानाच्या दोन्ही टोकांवर ओरखडे काढायचे, ती पातळ मातीत बुडवायची, कपाला टेकवून अंगठ्यानं दाबायची आणि ओल्या स्पंजानं सांधा पुसून कप आपल्या फळीवर ठेवायचा. दाब कमी पडला तर भट्टीत कान गळून पडतो. जास्त पडला तर कपाचं तोंड वाकडं होतं. सगळी भिस्त अंगठ्यावर.

आमच्या बाकावर थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी बसायच्या. सख्ख्या जावा. थोरली कारखान्यात आधी आली, आणि धाकटीला हाताशी बसवून अंगठा कसा टेकवायचा ते तिनंच शिकवलं. अख्खा कारखाना दोघींना याच नावांनी ओळखायचा. पुढे धाकटी युनियनची पुढारी झाली, तरी साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना ती धाकटीच होती.

तेव्हा मजुरी बाकाची असायची. बाकावर जेवढे कप होतील त्यांचे पैसे बाकावरच्या सगळ्या जणींत सारखे वाटले जायचे. कुणी बाळंतपणातून उठून आलेली असायची, कुणाच्या अंगात कणकण असायची. त्या दिवशी बाकीच्या जरा हात उचलून काम करायच्या आणि कुणी ते बोलून दाखवायचं नाही. थोरलीचे अंगठे आखडायला लागले तेव्हाही कुणी बोललं नाही. ओल्या मातीत आयुष्य काढलं की सांधे तसे होतातच. धाकटी तिच्या पुढ्यातले कप हळूच आपल्याकडे ओढून घ्यायची, एवढंच.

जुना करार संपत आला आणि पॅकिंगच्या शेडमध्ये सभा भरली. आम्ही रिकाम्या खोक्यांवर बसलो. दर वाढवून हवा, आजारपणात भरपगारी रजा हवी, घरच्यांचं औषधपाणी हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाद शेवटच्या मागणीवर झाला. दाराजवळच्या बाकावरच्या नव्या मुलींना मजुरी ज्याच्या त्याच्या हाताची हवी होती.

“आम्ही मान मोडून काम करायचं आणि वाटा सगळ्यांना सारखा?” त्यांच्यातली एक म्हणाली. तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही म्हणून आम्ही तिला गिरणी म्हणायचो. “जिचं काम, तिचा पैसा. यात चूक काय आहे?”

“तूही कधी तरी म्हातारी होशील गं,” आमच्यातली एक म्हणाली.

“होईन तेव्हा घरी बसेन. बाकाला गोंदासारखी चिकटून नाही राहणार.”

शेडमध्ये हशा पिकला. धाकटी उठून उभी राहिली. “मालकाला हेच तर हवंय. आपण एकमेकींच्या फळीवरचे कप मोजत बसलो की त्याच्याशी भांडायला आपल्याला वेळ कुठून मिळणार?”

“मालकाचं राहू दे,” गिरणी म्हणाली. “तुझ्या शेजारी जाऊबाई बसतात, म्हणून तुला बाकाची मजुरी गोड लागते. तू पुढारी आमची आहेस की तुझ्या घरची?”

धाकटीला एरवी उत्तराला वेळ लागायचा नाही. पण गिरणीच्या बोलण्यात खोटं फार थोडं होतं.

तेवढ्यात मागून थोरली उठली. सभेत ती कधी बोलायची नाही.

“पोरगी बरोबर बोलतेय,” ती म्हणाली. “ज्याच्या त्याच्या हाताची मजुरी असू दे. लिहून घे, धाकटे.” आणि तिनं हात वर केला.

तिनंच हात वर केल्यावर विरोध कोण करणार? सगळे हात वर गेले. धाकटीचा सगळ्यात शेवटी गेला.

घरी जाताना मी त्यांच्याबरोबर होते. धाकटी म्हणाली, “जाऊबाई, हे काय करून बसलात तुम्ही?”

“तू साहेबापुढे बसणार. मागे माणसं नसली तर तो तुला चहा पाजून परत पाठवेल. आणि माझ्यापायी तुला कुणी बोललेलं मला चालायचं नाही.”

बाकी मागण्यांसाठी साहेबानं धाकटीला महिनाभर झुलवलं. हाताच्या मजुरीची मागणी मात्र पहिल्याच बैठकीत मान्य केली. तेव्हाच आमचे डोळे उघडायला हवे होते. त्याच्या जोडीला त्यानं एक अट घातली. रोज अमुक इतके कप झालेच पाहिजेत, नाही तर बाकावर जागा नाही. धाकटीनं भांडून तो आकडा खाली आणला, थोरलीच्या हाताला झेपेल इतका खाली. त्यापायी तिला दरातली थोडी वाढ सोडावी लागली. का सोडली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण थंडी पडली आणि थोरलीचे अंगठे आणखी आखडले; तेवढाही आकडा भरेना.

आता प्रत्येकीला आपापला शिक्का मिळाला होता, तो कपाच्या बुडाला मारायचा. एका दुपारी थोरली पाणी प्यायला उठली, तेव्हा धाकटीनं आपल्या कपांवर तिचा शिक्का मारून ते तिच्या फळीवर सरकवले. थोरली परत आली, तिनं एक कप उचलून फिरवून पाहिला.

“हा कान माझा नाही.”

“शिक्का तुमचाच आहे की.”

“शिक्का कुणीही मारेल. हा अंगठा मी शिकवलाय, मला ओळखू येणार नाही?” तिनं स्पंजानं शिक्का पुसला आणि कप धाकटीच्या फळीवर ठेवला. मग दुसरा उचलला. “करार तू केलास. तूच मोडलास तर उद्या या बायकांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

“त्यांना कळणार कसं?”

थोरली कप पुसत राहिली. गिरणी पातळ मातीची बादली भरायला आली होती, तिनं सगळं पाहिलं होतं. ती बादली उचलून निघून गेली. पुढेही तिनं कुणापाशी ही गोष्ट काढली नाही. थोरलीनं ते कप राहू दिले असते तर गिरणीनं ते तसेच भट्टीत जाऊ दिले असते, असं मला अजून वाटतं.

थंडी संपायच्या आत थोरली घरी बसली. औषधपाणी सुरू झालं होतं, पण करारातल्या घरच्या माणसांत जाऊ बसत नव्हती. धाकटी तिची औषधं आपल्या पगारातून आणायची, आणि थोरली विचारायची तेव्हा युनियनकडून आली म्हणून सांगायची.

पुढच्या कराराच्या सभेत धाकटीनं पहिली मागणी बाकाच्या मजुरीची मांडली. सगळ्यात आधी तिला दुजोरा दिला तो गिरणीनं. तिला तेव्हा सातवा महिना चालू होता आणि तिचे हात मंदावले होते. बाकीच्या खोक्यांवर नुसती कुजबुज झाली. प्रत्येकीला आता आपापल्या फळीवरचे कप पाठ झाले होते. धाकटी आणखी कुणाच्या दुजोऱ्याची वाट पाहत उभी राहिली, मग खाली बघून तिनं दुसरी मागणी वाचायला घेतली.