गुलाबी ओटा

नव्या घराचं बांधकाम चाललं होतं तेव्हा माझ्या सासूबाईंनी एकाही गोष्टीला नाव ठेवलं नाही. दाराला सागवान घ्यायचं की लोखंडी चौकट? तुमी ठरवा. फरशी कोणती? तुमी ठरवा. संडास आत की बाहेर, यावरून आमच्या वऱ्हाडात भावाभावांनी बोलणं टाकलेलं आहे, पण तिथंही तुमी ठरवा. ऑफिसातल्या बायका आपापल्या सासवांच्या कागाळ्या करायच्या आणि मी डबा उघडून टेचात सांगायची, "आमच्या आत्याबाईंचं तसं काही नाही बाप्पा. माझ्या हातचं जे असेल ते गोड मानून खातात." माझी माहेरची मैत्रीण इफ्फत एकदा म्हणाली, "माधवी, तू नशिबाची आहेस." मीही नाही म्हटलं नाही.

मी माहेरची अकोल्याची. बडनेऱ्याच्या स्टेशनात तिकिटांच्या खिडकीमागं बसते. खिडकीपलीकडच्या माणसाकडं सुटे नसले की माझा आवाज प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत जातो, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. नवराही रेल्वेतच, सिग्नलच्या कामावर. त्याचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त आहे, पण केस पांढरे व्हायला आले तरी सगळं बडनेरा त्याला पिंटूच म्हणतं. मीही.

आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव मनकर्णा. त्या धामणगावजवळच्या आमच्या खेड्यात राहायच्या. मामंजी काविळीनं गेले तेव्हापासून एकट्या. शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं होतं, त्यामुळं तिथं थांबायचं कारणही उरलं नव्हतं. तशी ती वर्षंच वाईट होती. गावागावांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या यायच्या आणि फोन अवेळी वाजला की पिंटू आधी भिंतीला टेकायचा, मग रिसिव्हर उचलायचा. आत्याबाई खाऊनपिऊन सुखी होत्या, पण आजारी पडल्या तर पाण्याचा पेला द्यायला घरात कुणी नव्हतं. आम्ही दर खेपेला म्हणायचो, कायमच्या राहायला या. त्या यायच्या, चार दिवस राहायच्या आणि बोचकं बांधायच्या. नव्या घरात आम्ही त्यांच्यासाठी वेगळी खोली काढली. ती पाहून म्हणाल्या, "चांगली हाय. पाव्हण्याले होईन."

त्यांनी यावं असं पिंटूपेक्षा मलाच जास्त वाटत होतं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. ड्यूटीवरून घरी आल्यावर कुणीतरी "जेवली काय वं?" म्हणून विचारावं, एवढीच माझी हाव होती. पण हे तोंडानं सांगायचं कसं? आमच्याकडं तशी पद्धत नाही. आमच्याकडं "येऊन ऱ्हा ना मंग, कोन नाई म्हनते?" असं खेकसून सांगतात आणि समोरच्यानं समजून घ्यायचं असतं.

बुद्धपौर्णिमेला वंदना घेऊन घरात शिरायचं ठरलं होतं आणि स्वयंपाकघराचा ओटा तेवढा राहिला होता. ओट्याचं मात्र माझं ठरलेलं होतं. पांढरा. अख्खा जन्म मी काळ्या ओट्यावर काढला. माहेरी धुरानं काळा, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये कडप्प्यानं काळा. कितीही घासा, स्वच्छ झाला की नाही ते हात फिरवल्याशिवाय कळायचं नाही. अशात ईदला इफ्फतच्या घरी अकोल्याला गेले. तिच्याकडं पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा ओटा. खिडकीतून ऊन त्यावर पडलं होतं. समोरचा शिरखुर्मा गार झाला तरी माझा हात त्या दगडावरून निघेना. तेव्हाच मनाशी म्हटलं, घरात बाकी काही नसलं तरी चालेल.

एप्रिलच्या उन्हात आम्ही तिघं अमरावती रस्त्यावरच्या दाऊदभाईंच्या दुकानात गेलो. आत्याबाई तेव्हा चार दिवसांच्या मुक्कामाला आल्या होत्या, म्हणून त्यांनाही रिक्षात घेतलं. पत्र्याच्या शेडमध्ये दगडांच्या लाद्या भिंतीला टेकवून उभ्या. हिरवा, लाल, काळा, करडा, गुलाबी. दाऊदभाईंनी एकेकीवर पाणी मारून रंग दाखवला. मी सरळ पांढऱ्यापाशी गेले आणि म्हटलं, "हाच."

"पांढरा नोको," मागून आवाज आला.

आम्ही दोघंही वळून पाहू लागलो. आत्याबाई पदरानं घाम पुसत काळ्या लादीपाशी उभ्या होत्या.

"पांढऱ्यावर पीठ दिसत नाई," त्या म्हणाल्या. "परातीतून पीठ सांडते का नाई? साखर सांडते, मीठ सांडते. दिसलं नाई त मुंग्या होतेत. काळा घे. काळ्यावर समदं दिसते."

"काळ्यावर तेल दिसत नाई, आत्याबाई. झुरळ फिरलं तरी समजत नाई."

"झुरळ काहून होईन? झाकून ठेवाचं."

"मंग पीठ काहून सांडन? सांभाळून घ्याचं."

दाऊदभाई शहाणे होते. "दोन्ही माल एक नंबर हाय, मॅडम," एवढं म्हणून त्यांनी घरात चहा सांगितला. घर शेडच्या मागंच होतं. त्यांची बायको सितारा चहा घेऊन आली तर आत्याबाईंनी तिला विचारलं, "जवारीचं पीठ हाय का वं घरात?" तिनं बिचारीनं वाटीभर आणून दिलं. मग माझ्या सासूबाईंनी भर दुकानात चिमूट चिमूट पीठ पांढऱ्या लादीवर टाकलं, चिमूट चिमूट काळ्या लादीवर टाकलं आणि गिऱ्हाइकांना बोलावून विचारू लागल्या, "सांगा बरं, कुठी दिसते?" सितारा म्हणाली काळ्यावर. टाइल्स बघायला आलेले एक गुरुजी म्हणाले काळ्यावर. पिंटू माझ्याकडं पाहून म्हणाला, "तसं पाहिलं त काळ्यावरच."

माझं डोकं सटकलं. इतके दिवस तुमी ठरवा, तुमी ठरवा, आणि माझ्या एका गोष्टीवर येऊन ही बाई चारचौघांत मतदान घेते!

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमाले कुठी राहाचं हाय अथी? चार दिवस येता अन् चालल्या जाता. ओट्यापुढं जलमभर मले उभं राहाचं हाय."

माझा आवाज तिकिटाच्या खिडकीतला होता. गुरुजी लगबगीनं टाइल्सकडं गेले. आत्याबाईंनी लादीवरचं पीठ पदरानं पुसून घेतलं आणि वाटी सिताराच्या हातात दिली.

"हाव," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय तुह्यं. तुमी ठरवा."

मी पांढरा ठरवला. दाऊदभाई म्हणाले, उद्या दहा वाजता मशीनवर घेतो, दुपारी माणसं बसवायला येतील. घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, सकाळच्या पॅसेंजरनं गावी जाते.

संध्याकाळी मी भांडी आदळत स्वयंपाक केला. पिंटूनं पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सरकवलं. "वरनात मीठच नाई," तो म्हणाला. मी चाखून पाहिलं. खरंच नव्हतं, चिमूटभरसुद्धा नव्हतं. आणि समोर आत्याबाई तेच वरण भातावर घेऊन मुकाट जेवत होत्या. अर्धं संपलं होतं.

"आत्याबाई, अळणी हाय ना थे. सांगितलं काहून नाई?"

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "लोकाच्या घरी मीठ मागू नाई."

बोलल्यावर त्यांनी ताटाकडं मान घातली. तोंडातून निघून गेलं होतं. मी मिठाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं माझ्या हातचं गोड मानून खाल्लं ते असं! डब्यासमोर बसून मी मिरवत होते ते हे! त्या आमच्या घरात पाहुण्या होत्या. पाहुणी बाई दार सागवानाचं की लोखंडाचं यावर भांडत नाही. पाहुणी बाई फक्त चांगलं म्हणते. आणि आज दुकानात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या चांगलं म्हणाल्या नव्हत्या.

त्या हात धुवायला मोरीकडं गेल्या तसं मी पिंटूला हे सांगितलं. तो ताटाकडं बघत म्हणाला, "मी मायले बोलावून बोलावून थकलो. तिनं आज घर आपलं समजून पाय ठेवला, अन् तू एका दगडापायी तिले हाकललं." त्यानं आवाज चढवला असता तर मी भांडले असते. त्यानं चढवला नाही, म्हणून मला रडू आलं.

सकाळी मी त्यांच्याबरोबर स्टेशनात गेले. माझी ड्यूटी दुपारची होती. आत्याबाई बाकावर बोचकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आत्याबाई, काल माह्यं चुकलं."

"काय चुकलं? घर तुमचं हाय."

"मी काळा घेते."

"काहून? पांढरा चांगला हाय. पांढराच घ्या."

हे तर कालच्याहून वाईट झालं. माफी मागून पाहिली, हार मानून पाहिली, त्या आपल्या गोड बोलत होत्या. वर्ध्याकडं जाणारी पॅसेंजर येत असल्याची घोषणा झाली. त्या उठल्या. आता या गाडीत चढल्या की पुढच्या खेपेला चार दिवस, नंतर दोन दिवस, आणि एखाद्या अवेळी गावाकडून फोन. या बाईला परत भांडायला लावायचं कसं? आणि एकाएकी मला सुचलं.

"नाईतर असं करते," मी म्हटलं, "मी गुलाबी घेते."

"कोनता?"

"गुलाबी. दाऊदभाईकडं होता ना, ठिपक्या ठिपक्यांचा."

"घ्या," त्या म्हणाल्या, पण ओठ आवळले गेले.

"अन् त्याच्यावर जांभळ्या टाइला."

"लावा."

गाडी प्लॅटफॉर्मला लागली. त्यांनी दाराची दांडी धरली. मागून बायामाणसं ढकलत होती.

"अन् ओट्याच्या काठानं सोनेरी पट्टी!" मी ओरडले. "चकचकीत!"

आत्याबाईंनी दांडी सोडली आणि माझ्याकडं वळल्या.

"माधवी, तुह्यं डोस्कं फिरलं काय वं? थे सयपाकघर हाय का बँडवाल्याची गाडी हाय? गुलाबी म्हने! त्याच्यावर हळद सांडली त पोट्ट्यानं ओकल्यावानी दिसन. कोन उभं राहीन तथी पाहाटी चाय कराले? मी त नाई राहत!"

"मंग कशावर राहाल?"

"काळ्यावर राहीन! नाईतर पांढऱ्यावर राहीन, पन त्या गुलाबीपुढं माह्याच्यानं..."

आणि थांबल्या. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं आणि मला कळलं हेही कळलं होतं. त्यांनी बोचकं या हातातून त्या हातात घेतलं. मागं शिट्टी झाली, गाडी हलली आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत धामणगावकडं निघून गेली.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "गेली ना गाडी तुह्या सोनेरी पट्टीपायी."

"जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हनते! दहाले थो मानूस मशीन लावनार हाय ना? रिक्षा पाह्य लवकर. एकदा पांढरा कापला त मंग काय करशीन?"

रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी पुन्हा काळ्याचं सुरू केलं. पीठ, साखर, मीठ, मुंग्या, सगळं पहिल्यापासून. मी एकीकडं डोळे पुसत होते आणि दुसरीकडं पांढऱ्याची बाजू सोडत नव्हते. सोडली असती तर त्या घ्या म्हणाल्या असत्या, आणि ते घ्या मला जन्मात पुन्हा ऐकायचं नव्हतं. रेल्वेच्या पुलावर आमचा आवाज इतका चढला की रिक्षावाल्यानं मान मागं वळवली.

"मावशी," त्यानं विचारलं, "पोरगी हाय का तुमची?"

"मंग?" आत्याबाई म्हणाल्या. "लोकाच्या पोरीसंगं कोन इतकं भांडते?"