तोंड चौकाकडे

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्यावर लिहिले आहे, ‘येथे वाहने उभी करू नयेत’. मला एवढेच बोलता येते असे तुम्हाला वाटत असेल, मित्रांनो. पण माझ्या पाठीवरही दोन शब्द आहेत, आणि माझी खरी गोष्ट तिथे आहे.

मला रंगवले पेंटरकाकांनी. पिवळ्यावर काळी अक्षरे, बघत राहावीत अशी. कामगारांनी एकदा त्यांची पाटी उलटी बसवली होती. तेव्हापासून काका ताकही फुंकून पीत. पाटी वाळली की ती कुठे तोंड करून लावायची, ते तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहून ठेवत. माझ्या पाठीवर त्यांनी लिहिले, ‘तोंड चौकाकडे’. मग म्हणाले, “जा बाई, नीट उभी राहा.” तो हात पुन्हा कधी माझ्यावरून फिरला नाही.

पंधरा वर्षे मी नीट उभी राहिले. गाडीवाले मला पाहून चरफडत पुढे जात, पण पाहत तरी होते. एके दिवशी पाण्याच्या टँकरचा धक्का लागला आणि मी गर्रकन फिरले. माझे तोंड झाले बोळाकडे, जिथून मांजराशिवाय कुणी येत नाही. मला सरळ करायला कुणाला वेळ मिळाला नाही. पाठीवर शिकवणीची जाहिरात चिकटवायला मात्र मिळाला.

एका सकाळी माझ्याखाली शाळेची व्हॅन थांबली. ती चालवणाऱ्या बाईंना मुले व्हॅनताई म्हणत. एका लहान मुलीला वर्गात सोडून त्या परत आल्या, तर काचेवर दंडाची पावती. दंड माझ्या नावाने झाला आणि मी पाठ फिरवून उभी! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

व्हॅनताईंनी अर्जावर अर्ज केले. शेवटी वाहतूक खात्याचे साहेब स्वतः जागा पाहायला आले.

“पाटी तर आहे इथे,” ते म्हणाले.

“आहे ना. माझ्या जागेवर बसा आणि वाचून दाखवा.”

साहेब व्हॅनमध्ये बसले. “गणित सोपे करा,” त्यांनी वाचले आणि जरा ओशाळले. पण लगेच म्हणाले, “मुळात बोळाकडेच लावली असेल. उतरून बघायला हवं होतं तुम्ही. भरून टाका ना दंड, कशाला ताणता?”

“भरला म्हणजे चूक कबूल केली. दंड झालेल्या ड्रायव्हरकडे शाळा मुलं देत नाही, साहेब. अकरा वर्षं नेतेय मी मुलांना.”

त्या तरातरा बोळात गेल्या आणि मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“हे बाबांचं अक्षर आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “बाबा पाठीवर लिहायचे. थांबा जरा.”

व्हॅनच्या पायरीवर चढून त्यांनी बाटलीतले पाणी जाहिरातीवर ओतले आणि नखाने कागद खरवडायला लागल्या. माझा जीव टांगणीला लागला. इतक्या वर्षांत तो रंग राहिला असेल का? आधी ‘तोंड’ दिसले. मग एकेक अक्षर करत ‘चौकाकडे’.

“पावती रद्द करतो, ताई,” साहेब म्हणाले. “चूक आमची आहे.”

व्हॅनताईंनी मान हलवली, पण त्यांचे बोट अक्षरांवरून निघेना. “सात वर्षं झाली बाबांना जाऊन,” त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळले, काका आता कधीच येणार नाहीत. मी सात वर्षे उगाच त्यांची वाट पाहत होते.

पुढच्याच आठवड्यात माझ्या जागी नवी चकचकीत पाटी आली आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या सरकारी कोठीत झाली. व्हॅनताई मला मागायला आल्या. कोठीवाला म्हणाला, “सरकारी वस्तू आहे, ताई. माझ्या हातात नाही.” त्यांनी मला पुसले, पाठीवरची अक्षरे दाराकडे येतील असे भिंतीला टेकवले आणि त्या गेल्या. अजूनही अधूनमधून येतात. दार वाजले की मला त्याच वाटतात, पण बहुतेक वेळा कुणीतरी झाडू न्यायला आलेले असते.

मित्रांनो, रस्त्यात एखादी पाटी फिरलेली दिसली तर कुणाला तरी सांगा. आणि कुणाला दोष देण्याआधी क्षणभर त्याच्या जागेवर बसून पाहा.

मला आता चौक दिसत नाही, भिंतीचा चुना दिसतो. पण काका, मी अजून नीट उभी आहे.