खालची आजी

“उंची चव्वेचाळीस,” विहीणबाई फोनवर म्हणाल्या. “छाती साडेतेवीस. खांदा दहा.”

“दहा?” मी म्हटलं. “टेप ढिली धरली असेल तुम्ही.”

“अहो, दोनदा मोजलं.”

“मग दोनदा ढिली धरली असेल.”

पलीकडे त्या खळखळून हसल्या. बाईला काही लागतच नाही, हा तिचा मोठा दोष. मी मात्र विनोद केलेला नव्हता. पस्तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवते आहे. पोर दारातून आत आलं की चपला काढेपर्यंत त्याचं माप माझ्या डोक्यात तयार असतं. आणि आता माझ्याच नातीचं माप मला फोनवरून दुसऱ्या बाईनं सांगायचं! मी कागदावर आकडे लिहून घेतले, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. त्यातला एकही आकडा वापरायचा नाही हे मी लिहितानाच ठरवलं होतं.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. साथ सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात त्या लेकीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या. सोबत एक छोटी बॅग. मग सगळंच बंद झालं आणि त्या अडकल्या, त्या वर्ष आणि चार महिने. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं आपल्याकडे म्हणतात. विहिणीचे किती, ते कुणी सांगूनच ठेवलेलं नाही. सून दिवसभर घरातूनच ऑफिसचं काम करायची, पोरीला बघायला कुणीतरी हवं होतं, आणि ह्या आयत्याच घरात होत्या.

मी राहते दोन गल्ल्या सोडून. मुलाचं औषधांचं दुकान, त्यामुळे त्याचा रोज शंभर माणसांशी संबंध. मला एकदा न्यूमोनिया होऊन गेलेला. “आई, तुझी फुप्फुसं नाजूक आहेत, तू आमच्या घरी यायचं नाहीस आणि आम्हीही तुझ्याकडे येणार नाही,” असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. सामान दारात ठेवून, बेल वाजवून पळायचा. मुलाच्या शहाणपणाला नावं ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी सगळा राग विहीणबाईंवर काढला.

रोज संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्या इमारतीखाली जाऊन उभी राहायची. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत स्टुलावर चढून माझी नात यायची. मी तिला बटण म्हणते. जन्मली तेव्हा तिचं नाक अगदी शर्टाच्या बटणाएवढं होतं. बटण काचेला तळहात लावायची, मी खालून दोन्ही हात हलवायची. आणि तिच्या कमरेला धरून मागे कोण उभं? विहीणबाई! पोरगी पडू नये म्हणूनच धरायच्या, कळत होतं मला. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच. पोरीचे केस कोण विंचरतंय, दात पडला तो कुणी कागदात बांधून ठेवला, पाढे कुणी शिकवले? सगळ्याचं उत्तर एकच. मी आपली खाली उभी, रस्त्यावर, मान मोडेपर्यंत.

त्या वर्षात माझ्याकडे एकही पोर मापाला आलं नाही. शाळाच बंद, तर गणवेश कुणाला? मी मास्क शिवले. सगळ्यांना एकच माप. असल्या शिवणकामाला काय बोलायचं!

साथ सुरू व्हायच्या आधी, दर वाढदिवसाला मी बटणला गावाबाहेरच्या मनोरंजन पार्कमध्ये न्यायची. फक्त आम्ही दोघी, तिसरं कुणी नाही. तिथे लहान मुलांची झुकझुक गाडी आहे. तिच्या फाटकाशी लाकडी अस्वल उभं असतं, एक हात पुढे केलेलं. त्या हाताखालून जे पोर न वाकता जाईल, त्यालाच गाडीत प्रवेश. आजीआजोबांनाही मागच्या डब्यात बसू देतात. अस्वलाच्या हाताची उंची मी एकदा टेपने मोजून ठेवली होती, बेचाळीस इंच. शेवटच्या खेपेला बटण साडेचाळीस होती. “अजून एकदा नक्की बसू,” असं मी तिला वचन दिलं होतं. आता चव्वेचाळीस ही उंची मी का मानायला तयार नव्हते, ते कळलं ना?

पार्क उघडल्याची बातमी आली तेव्हा मी लगेच फोन केला.

“आई, आत्ता नको,” मुलगा म्हणाला. “आधी तुझा दुसरा डोस होऊ दे.”

दुसरा डोस झाला. मग म्हणे, पंधरा दिवस जाऊ दे. पंधरा दिवस गेले. मग म्हणे, सुट्टीची गर्दी ओसरू दे. एका रविवारी सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर बैठकच बसवली. सून म्हणाली, “आई, शाळा सुरू झाल्यावर बघू या का? घाई नको वाटते मला.” तिचीही काळजी खरी होती. तिच्या ऑफिसातलं एक माणूस गेलं होतं.

मागून विहीणबाईंचा आवाज आला. “खरंच, एवढी काय घाई? पार्क काय पळून जातंय?”

“पार्क नाही हो पळत,” मी म्हणाले. “पोर पळतं.”

मग मुलानंच मार्ग काढला. मंगळवारी सकाळी, दहाला दार उघडतं तेव्हा आत जायचं, बाराला बाहेर. फक्त उघड्यावरचे खेळ. मास्क काढायचा नाही. तो, बटण, मी आणि विहीणबाई.

“त्या कशाला?” मी विचारलं. तेव्हा कॉल बंद झाला होता. मी त्याला वेगळा फोन केला होता.

“आई, वर्षभर त्यांनी सांभाळलंय तिला. त्यांना नको कसं म्हणू?”

“मी म्हणते की!”

“आई!”

झालं. मी फोन ठेवला आणि फ्रॉक बेतायला घेतला. पिवळ्या कापडाचा, पांढऱ्या कॉलरचा. बटणच्या जुन्या मापाचा कागद माझ्या कपाटात होता. खांदा नऊ. त्याला मी पाव इंच वाढवला. सव्वानऊ, बस्स! मोठं मन करून वाढवला, असं मला तेव्हा वाटलं. घेराची दुमड तेवढी नेहमीसारखी चार बोटं सोडली. वाढत्या अंगाच्या पोरांना दुमड सोडायची ही हाताचीच सवय, त्यात डोकं लागत नाही.

मंगळवारी मी साडेनऊलाच फाटकावर हजर. ती तिघं आली. बटण मला बघून सुसाट धावत आली आणि चार पावलांवर गपकन थांबली. मागे वळून विहीणबाईंना म्हणाली, “आजी, हात लावला तर चालेल?”

मला भेटायला विहीणबाईंची परवानगी! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“अगं, लाव की! आजीच आहे तुझी,” विहीणबाई म्हणाल्या, आणि पोरगी माझ्या अंगावर आदळली. मी तिला घट्ट धरलं. वर्ष आणि चार महिने! पूर्वी तिचं डोकं माझ्या कमरेच्या जरासंच वर यायचं. आता ते बरगड्यांना टेकलं होतं. पस्तीस वर्षांचे हात आहेत, त्यांना टेप लागत नाही. तिच्या खांद्यांवर नुसते तळवे ठेवले आणि कळलं. दहा. उंची चव्वेचाळीस.

“स्टुलावरून तर एवढी मोठी दिसत नव्हतीस गं,” मी म्हटलं.

“स्टूल? आजी, स्टूल तर कधीचं काढलं. आता मी खाली उभी राहूनच दिसते.”

खिडकीतून पोराचं डोकं आणि हात दिसतात. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. स्टूल कधी गेलं ते रोज पाच वाजता तिथे उभं राहूनही मला कळलं नव्हतं. विहीणबाईंना कळलं होतं.

तरी मी तिला अस्वलाकडे नेलंच. हट्ट, दुसरं काय. तिथे फलक बदललेला होता, जमिनीवर अंतराचे गोल रंगवले होते, पण अस्वल तेच होतं. त्याचा हात बटणच्या कपाळाशी आला.

फाटकावरची बाई म्हणाली, “नाही हो आजी, ही नाही बसणार यात. आकाशपाळण्यात चालेल आता.”

“जरा वाकली तर?” मी म्हटलं. लाज सोडून म्हटलं.

“आजी, मला नकोच आहे ती गाडी,” बटण म्हणाली. “ती छोट्या मुलांची आहे.” आणि ती आकाशपाळण्याकडे बघायला लागली. तिला गाडीचं काहीच वाटलं नव्हतं. वाटत होतं ते मला.

मग मी पिशवीतून फ्रॉक काढला. म्हटलं, निदान एवढं तरी माझ्या हातचं होऊ दे. बाकावर तिच्या टी-शर्टावरूनच घालून बघितला. डोक्यातून आला, हात गेले, आणि खांद्यात अडकला. मी ओढला. बटण म्हणाली, “आजी, टोचतंय.” तेव्हा मी हात थांबवले. मुलगा दुसरीकडे बघत होता. लाज वाटली की तो लहानपणीही असाच दुसरीकडे बघायचा.

माझ्या पर्समध्ये विहीणबाईंनी सांगितलेल्या मापांचा कागद होता. त्या आता म्हणणार, मी सांगितलं होतं ना दहा. मी उत्तर जुळवत होते. पण त्या म्हणाल्या, “माझंच चुकलं असेल हो. मला कुठे तुमच्यासारखी टेप धरता येते.”

माणसानं एवढं चांगलं वागू नये. समोरच्याला भांडायलासुद्धा जागा ठेवायची नाही म्हणजे काय! मी फ्रॉकची घडी करत बसले. चार बोटं दुमड होती, उसवली की लांबी पुरली असती. पण खांद्याला दुमड नसते.

“माप बरोबर होतं तुमचं,” मी खाली बघूनच म्हटलं. “मीच घेतलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कळलं असणार, विहीणच ती.

आकाशपाळण्याची रांग लहान होती. मुलगा आत शिरणारच नव्हता. लहानपणापासून पाळण्यात बसला की त्याला उलटी होते. पाळणा चालवणारी बाई म्हणाली, “एका डब्यात दोघंच. आणि एकाच घरात राहणारे हवेत, नियम आहे.”

“तुम्ही जा,” विहीणबाई मला म्हणाल्या आणि चक्क दोन पावलं मागे सरकल्या. “मला उंचीची भीतीच वाटते.”

“एकाच घरातल्या ना तुम्ही?” त्या बाईनं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बटण बोलली. वर्षभर या पोरांना एवढंच तर शिकवलं होतं, कोण घरातलं, कोण बाहेरचं. तिनं बोट दाखवून नीट समजावून सांगितलं, “ही घरातली आजी. आणि ही खालची आजी.”

तिनं ते अगदी प्रेमानं सांगितलं. माझी ओळखच होती ती. घरात रोज म्हणत असणार, चला, पाच वाजले, खालची आजी आली असेल.

पाळणेवाली बाई वैतागली होती, वाईट नव्हती. “काय ते तुम्हीच सांगा आजी. मी काही घरी येऊन बघणार नाही. मागे लोक उभे आहेत.”

म्हणजे नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. रक्ताची नात माझी! आणि विहीणबाई तर आधीच बाजूला झालेल्या. ते ‘हो’ माझ्या ओठांवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण पिशवीत तो फ्रॉक होता. एक माप मी मनाला हवं तसं धरलं होतं, आणि त्यात पोरगी मावली नव्हती.

“त्या घरातल्या,” मी म्हटलं. “त्यांना बसवा.”

“अहो, पण मला खरंच भीती वाटते!”

“मग डोळे मिटा. आणि तिला कमरेला धरा, खिडकीत धरता तशी.”

दार लागलं, कडी पडली. डबा हलला आणि वर निघाला. मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “आई, तू बस ना बाकावर,” तो म्हणाला. मी बसले नाही. जळत होते मी अजून, आतून, मनापासून. चांगलं वागलं की जळणं थांबतं असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

डबे एकेक करून वर गेले. वर गेलेली पोरं लांब बघत होती, ओरडत होती, कुणी आपलं घर शोधत होतं, कुणी ढगांकडे हात करत होतं. त्यांचा डबा अगदी माथ्यावर येऊन थांबला. विहीणबाईंनी खरंच डोळे गच्च मिटले होते, आणि एका हातानं बटणच्या कमरेला धरलं होतं.

बटण लांब बघत नव्हती. तिनं डब्याच्या जाळीला तळहात लावला होता, आणि ती सरळ खाली बघत होती. मला शोधावं लागलं नाही तिला. मी पिशवी मुलाच्या हातात दिली आणि दोन्ही हात वर केले.