न भाजलेला रंग

आंघोळ घालताना शाल्मलीच्या टाचेचा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि खाली तपकिरी धातू दिसला, कासं. मुक्ताने साबण बाजूला ठेवला, लेकीला पंच्यात गुंडाळलं आणि मगच नवऱ्याला हाक मारली, "पराशर, जरा ये."

तो भिंग घेऊनच आला. गेली नऊ वर्षं तो काशाच्या जुन्या, वीतभर रंगीत मूर्ती जमवत होता: तित्तर, व्हायोलिन वाजवणारी मांजर, गालिच्यावर बसलेला म्हातारा. बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट त्यांनीच भरलं होतं.

"गरम पाणी घातलंस?"

"मग काय, तीन वर्षांच्या पोरीला गार घालू?"

"हा रंग भट्टीत भाजलेला नसतो गं. ओतकाम निवलं की नुसता वरून लावतात. पाणी नको, घासणं नको, हाताची ऊब तर नकोच नको."

"बाबा, गुदगुल्या होतात," शाल्मली म्हणाली.

झालं. आंघोळ बंद, ऊन बंद, उचलायचंच तर सुती हातमोजे घालून. पण लेकरूच ते! दिवसातून चाळीसदा "आई, कडेवर" म्हणणार. आणि मुक्ता तरी काय दगडाची होती? तो कामावर गेला की ती घ्यायचीच. घेतलं की कुठे पोटरी उघडी पडायची, कुठे कोपर. आणि जितका रंग जाई तितकी पोर आक्रसत जाई. गुरुवारी तिला बाळपणीचं झबलं पुन्हा नीट बसलं. शनिवारी ती वरणाच्या वाटीला टेकून उभी राहिली.

दुपारी ती निजली की मुक्ता ब्रश घेऊन बसायची. पण कोपराचा रंग नेमका कसा होता? साय आलेल्या चहासारखा, की नव्या गुळासारखा? रोज न्हाऊ घातलेलं अंग, आणि आठवेना. मानेवरचा तीळ तिने डावीकडे काढला, पुसला, उजवीकडे काढला.

"पुन्हा रंगवलेली मूर्ती मला लांबून कळते, मुक्ता." पराशर दारात उभा होता.

"मूर्ती म्हणू नकोस तिला."

तो तिथेच जमिनीवर बसला. "मग काय म्हणू? तूच सांग."

रविवारी त्याने तित्तर आणि मांजर यांच्यामध्ये जागा केली. "आत ठेवू. आत दोनशे वर्षं टिकेल."

"आणि जेवेल काय?"

"धूळ बसणार नाही," पराशर म्हणाला, तिला आत उभं केलं आणि कपाट लावून बाहेर निघून गेला.

मुक्ता कपाटापुढे बसून राहिली. आतून काचेवर टिकटिक झाली.

"आई, घे ना."

"घेतलं तर तू जाशील, सोन्या."

"कुठे?"

ते मुक्तालाही ठाऊक नव्हतं.

"थोडंसंच घे," शाल्मली म्हणाली.

मुक्ताने कपाट उघडलं, तिला दोन्ही तळव्यांत उचललं आणि गालाशी धरलं. कासं हळूहळू कोमट झालं.

"आई, तू किती गरम आहेस."

"हो गं."

बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतले. हातात एक गुळगुळीत तपकिरी मूर्ती होती. तिला डोळे नव्हते, ओठ नव्हते.

"अजून," कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं.

काचेत मुक्ताला स्वतःचा गाल दिसला. त्यावर एक इवलंसं तोंड उमटलं होतं आणि वर दोन बारीक डोळे. कडेवर बसलेलं मूल पाहतं तसे ते सगळ्या खोलीकडे पाहत होते.

गालावर पाणी ओघळू नये म्हणून मुक्ताने मान मागे टाकली आणि पापण्या ताणून धरल्या. तरीही तिचे डोळे काठोकाठ भरत होते.